चॅटहॅमच्या गोदीतली 'कॅव्हेलियर': एका म्हाताऱ्या स्टोकरचा अभिप्राय

लेकीकडे इंग्लंडला आलो की जावई कुठला तरी राजवाडा दाखवतो. या खेपेला मीच सांगितलं, मला चॅटहॅमच्या गोदीत नेऊन आण. तिथं दुसऱ्या महायुद्धातली विनाशिका 'कॅव्हेलियर' कोरड्या गोदीत उभी आहे.

1971 मध्ये मी 'आयएनएस राजपूत'वर स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारा खलाशी, होतो. तीही मूळची ब्रिटिशांचीच, 'रोदरहॅम' नावाची, 1949 साली आपण घेतलेली. दोघी एकाच घराण्यातल्या. करडा रंग, चिंचोळे पॅसेज, उभ्या शिड्या. डेकवर पाय ठेवला आणि मान आपोआप खाली गेली. दाराला डोकं आपटायची सवय अजून शिल्लक आहे म्हणायची!

गुडघ्यांमुळे मी फार खाली उतरलो नाही. नातवाला बॉयलररूम तोंडीच सांगितली. आत जायला दोन दारं. एक घट्ट लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, कारण आत हवा दाबून भरलेली. ती सुटली तर भट्टीची ज्वाळा अंगावर. आत शिरलं की कानात दडे बसायचे आणि अंगाला तेलाचा वास चिकटायचा, तो साबणाला दाद देत नसे.

3 डिसेंबरच्या मध्यरात्री विशाखापट्टणमच्या बंदरातून बाहेर पडताना आम्ही डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकायचे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले. खाली आम्हाला फक्त दणके कळले, कुणीतरी पत्र्यावर घण घालावा तसे. मग थोड्या वेळानं आणखी मोठा आवाज. पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी' बुडाल्याचं नंतर कळलं. ती कशानं बुडाली यावर अजून वाद घालतात. मला विचारू नका, मी बॉयलरसमोर होतो.

गोदीत 142 बुडालेल्या विनाशिकांचं आणि 11,000 खलाशांचं स्मारक आहे. तिथं वेळ काढा. पण हीच 'कॅव्हेलियर' फेब्रुवारी 1946 मध्ये आपल्या नाविकांचा उठाव दडपायला मुंबईला धाडली होती, हेही मनात होतं. बोटीवर राग धरता येत नाही, तरी सलाम ठोकताना हात जरा अडखळला.

शेवटी जावयानं आधार देऊन ब्रिजवर, म्हणजे कॅप्टन जिथून बोट चालवतो तिथं, चढवलं. 'राजपूत'वर तीन वर्षं काढली, पण ब्रिजवर कधी पाय ठेवला नव्हता. आमच्यासारख्यांचं तिथं कामच नव्हतं. इथं तिकीट काढून कॅप्टनच्या जागी दहा मिनिटं उभा राहिलो. नातू म्हणाला, "आजोबा, ऑर्डर द्या ना." मला एकही आठवेना. आम्ही फक्त ऐकायचो.