घाण्याचं तेल उत्तम, पाटी फसवी

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या या लाकडी घाण्यावर शेंगदाणा, करडई आणि खोबरेल अशी तीन तेलं मिळतात. तिन्हींवर एकच पाटी: ‘हृदयासाठी उत्तम’. माल चांगला आहे, पण ही पाटी पटत नाही. तेलात सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी, किती हे घाणा ठरवत नाही, बी ठरवतं. 100 ग्रॅम करडई तेलात ते साधारण 7 ग्रॅम, शेंगदाणा तेलात 17 ते 20 आणि खोबरेलात 80 च्या वर, म्हणजे साजूक तुपापेक्षाही जास्त. नाशिकच्या थंडीत हे डोळ्यांनी दिसतं. खोबरेल बरणीत थिजून बसतं आणि शेजारची करडई बिनदिक्कत धार धरते.

शेंगदाणा तेल घ्यायला हरकत नाही. दाणे समोरच घाण्यात पडतात, तेल कोमटच निघतं. पोत्यात एकदा हात घालून बघा. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे असतील तर परत फिरा. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष तेलात उतरतं आणि रिफायनिंग नसल्यामुळे तिथेच राहतं. त्याच दिवशी काढलेलं गढूळ तेलही नको. त्यातला गाळ कढईत करपतो, फेस येतो. दोन-तीन दिवस निवळलेलं मागा.

करडई तेल मात्र फोडणीला वापरू नका. रिफाइन न केलेलं हे तेल 110 अंशांच्या आसपासच धुरावतं, मोहरी तडतडायच्या आधीच. ते भाकरीवर, ठेच्यावर कच्चंच घ्यावं, तिथे त्याला तोड नाही. दुकानदार पारदर्शक बाटल्या उन्हात मांडून ठेवतो, ही चूक. करडई लवकर खवट होते. मागच्या फळीवरची अर्ध्या लिटरची बाटली घ्या.

प्रमाणाचं म्हणाल तर 2000 कॅलरींच्या आहारात सॅच्युरेटेड फॅट दिवसाला 22 ग्रॅमच्या आत हवं. पोह्याच्या मोठ्या चमचाभर तुपातच 8 ग्रॅम जातात, तेवढ्याच शेंगदाणा तेलात अडीच. चौघांच्या घराला महिन्याला 2 लिटर तेल पुरे. आणि चिवड्याच्या पाकिटामागे पामोलीन, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट भरपूर असलेलं पामतेल, लिहिलं असेल, तर घरातल्या काटकसरीचा हिशेब तिथेच बिघडतो.

भाव विचारताना लिटरचा की किलोचा, ते आधी स्पष्ट करून घ्या. लिटरभर तेल भरतं सुमारे 910 ग्रॅम. स्टीलचा डबा घरून नेला तर त्यात भरून देतात. डबा कोरडा हवा, पाण्याच्या थेंबानंही तेल बिघडतं.