झेप्टोचे सिलेक्टर मॉड्यूल: शेवटच्या गाळणीपुरते

पुण्यात झेप्टो म्हटले की लोकांना घरपोच किराणा आठवतो. मी लिहितो आहे ते थॉमस फुक्स यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या, जेक्वेरी या लोकप्रिय लायब्ररीच्या वळणाच्या पण तिच्याहून बऱ्याच हलक्या जावास्क्रिप्ट लायब्ररीविषयी, म्हणजे वेबपानांसाठीच्या तयार कोडच्या संचाविषयी. कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पानासाठी मी ती वापरतो. पानावरचे घटक निवडणारे सूत्र म्हणजे सिलेक्टर; सीएसएस या पानाच्या मांडणीच्या भाषेतले साधे सिलेक्टर ती ब्राउझरवरच सोपवते. सिलेक्टर मॉड्यूल हा तिचा वेगळा भाग जोडला की ':व्हिजिबल' (दिसणारे), ':फर्स्ट' (पहिला), ':कंटेन्स' (अमुक मजकूर असलेले) अशा सीएसएसमध्ये नसलेल्या, जेक्वेरीतल्या खुणाही चालू लागतात. तयार फाइलमध्ये मात्र हे मॉड्यूल नसते, ते घालून बिल्ड, म्हणजे वापरायची फाइल, आपणच तयार करावी लागते.

माझे खरे काम ':व्हिजिबल'ने केले. थकबाकीच्या ओळी पानावर विंगनुसार दुमडून लपवता येतात आणि स्मरणपत्र फक्त समोर दिसणाऱ्या ओळींना जावे, अशी सचिवांची अट होती. घटकाला रुंदी किंवा उंची आहे का आणि त्याचा डिस्प्ले 'नन' (पानावर मुळीच न दाखवण्याची सूचना) तर नाही ना, एवढेच हे मॉड्यूल तपासते. त्यामुळे विंग दुमडताच आतल्या ओळी आपोआप वगळल्या जातात, पण 'व्हिजिबिलिटी: हिडन' लावून अदृश्य केलेला, तरी जागा अडवून बसलेला घटक त्याच्या लेखी दिसतच असतो.

मर्यादा आहे ती खुणेच्या जागेची. खूण सिलेक्टरच्या अगदी शेवटीच चालते. 'पहिल्या यादीतील ओळी' असे मधेच ':फर्स्ट' घालून मागता येत नाही, आणि हे मूळ कोडमधील टिपेतच नोंदवलेले असल्याने तक्रारीला जागा नाही.

एक रविवार मात्र माझ्याच चुकीने गेला. फ्लॅट क्रमांकच मी ओळींना आयडी, म्हणजे प्रत्येकीची वेगळी ओळख, म्हणून दिले होते. '#१०१' बिनबोभाट सापडे, कारण एकट्या आयडीसाठी लायब्ररी थेट ब्राउझरचे गेट-एलिमेंट-बाय-आयडी हे फंक्शन वापरते, पण '#१०१.बाकी' (१०१ ची ओळ, तिला 'बाकी' हा क्लास असेल तर) म्हटले की सगळे ठप्प, कारण सीएसएसमध्ये आयडीचा सिलेक्टर अंकाने सुरू होऊ शकत नाही. मॉड्यूलने अडलेला सिलेक्टर ब्राउझरच्या कन्सोलवर, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, जसाच्या तसा छापला होता. तो आधी वाचला असता, तर दुपारची झोप वाचली असती. आता आयडी 'फ्लॅट-१०१' असे आहेत, ':व्हिजिबल' ठेवले आहे आणि पहिली ओळ मी '.फर्स्ट()' या मेथडनेच घेतो.