हिवाळ्यानंतर गाडीचा रंग: क्ले की केमिकल, हात की मशीन, वॅक्स की सिरॅमिक?

बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात अशा भागात गाडीने हिवाळा काढला, की धुऊनही ती निस्तेजच दिसते. बॉनेटवरून हात फिरवला तर खरखर लागते. मग बरेच जण थेट पॉलिशचं मशीन शोधायला लागतात. त्याआधी एक हिशेब करा. आजच्या गाड्यांवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा थर असतो. त्यात क्लिअर कोट बहुतेक 35 ते 50 मायक्रॉनच. चमक त्याची, आणि उन्हातले अतिनील किरण अडवतो तोही तोच. पॉलिश करणं म्हणजे हाच थर बारीक घासून कमी करणं, आणि घासलेला थर परत येत नाही. म्हणून खालच्या प्रत्येक पर्यायात मी आधी एवढंच बघतो, की यात क्लिअर कोट किती जाणार.

धुण्याबाबत वाद नाही. आधी भरपूर पाण्याने चाकांवरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि गाडीचं पोट धुऊन काढा. मग फोम सोडा, तो ओघळून गेला की मायक्रोफायबरचा हातमोजा घ्या. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खंगाळायची. वरून खाली या. रंगावरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल चिरा बहुतेक वेळा धुताना आणि पुसतानाच पडतात, रस्त्यावर नाही. आणि हे काम ‘जरा ऊन पडू दे’ म्हणून पुढे ढकलू नका. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, आणि ऊब वाढली की गंज जास्त वेगाने चढतो. धुताना खडी लागून उडालेले टवके शोधा. पत्रा उघडा पडला असेल तिथे वॅक्स, सिरॅमिक असल्या वरून लावायच्या संरक्षक थरांचा काहीच उपयोग नाही. तिथे गंज काढून टच-अप पेंटच लावावा लागतो, आणि तो बाकी सगळ्याच्या आधी.

केमिकल की क्ले?

गाडी वाळली की हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं रंगावरून हलकेच फिरवा. उघड्या हाताला न जाणवणारे कणही पिशवीतून टोचतात. हे कण दोन प्रकारचे असतात. ब्रेकच्या घर्षणातून उडालेला लोखंडाचा चुरा, आणि डांबर, झाडाचा चीक असला चिकट माल.

आयर्न रिमूव्हर पहिल्या प्रकारावर चालतो. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी मिसळलं की गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. दिसायला मजा येते, वासाला मुळीच नाही. केस काढायच्या क्रीममध्येही याच कुळातलं रसायन असतं, त्यामुळे तो वास काहींना ओळखीचा वाटेल. घासावं लागत नाही, म्हणून चिरा पडत नाहीत आणि क्लिअर कोटही जात नाही. पथ्यं तीन: हातात ग्लोव्ह्ज, सावलीत थंड पत्रा, आणि रसायन वाळायच्या आत धुऊन टाकणं. डांबराला मात्र हे हातही लावत नाही. त्यासाठी वेगळा टार रिमूव्हर लागतो.

क्ले बार, म्हणजे कणकेसारखी मऊ, चिकट वडी, सगळ्यावर चालतो, कारण तो रंगावर उभे राहिलेले कण सरळ ओढून काढतो. आणि हीच त्याची खोट आहे. ओढलेला कण क्लेमध्ये रुतून रंगावरून फिरतो, आणि काळ्या किंवा गडद गाडीवर पुसट ओरखडे ठेवून जातो. भरपूर ल्युब्रिकंट (क्ले सरकावा म्हणून फवारायचा निसरडा द्रव), हलका हात, आणि क्लेची बाजू सतत बदलणं, एवढं केलं तर ते कमी होतात, शून्य होत नाहीत. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्या, हळहळू नका.

माझा कौल सोपा आहे. आधी दोन्ही केमिकल, मग पुन्हा पिशवीची चाचणी, आणि खरखर उरली असेल तेवढ्याच जागी बारीक प्रतीचा क्ले. नंतर पॉलिश करायचंच ठरलं असेल, तर मात्र सगळ्या गाडीवर क्ले फिरवायला हरकत नाही. ओरखडे पॉलिशमध्ये जातील.

हाताने, ड्युअल अॅक्शनने की रोटरीने?

खूप गाड्यांचं काम वरच्या टप्प्यावरच संपतं. निस्तेजपणा मळाचाच असतो. स्वच्छ रंगावर तिरका उजेड पाडून बघा. चिरा दिसल्या तरच पुढे जा. चिरेवरून नख फिरवा. नख अडकलं तर ती चीर पॉलिशने सुरक्षितपणे निघण्याजोगी नाही, तिच्या मागे लागू नका.

हाताने पॉलिश केल्याने थोडी झळाळी येते, एखाद-दुसरा डाग जातो. चिरांचं जाळं जात नाही. पूर्ण गाडी हाताने घासणं म्हणजे दंडाचा व्यायाम.

ड्युअल अॅक्शन मशीनचा पॅड स्वतःभोवती फिरता फिरता डुलतोही, आणि जास्त दाबला तर बहुतेक मशीनवर त्याचं फिरणंच थांबतं. त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. नवख्या माणसासाठी हेच. रोटरीचा पॅड एकाच अक्षावर जोरात फिरतो, काम झपाट्याने करतो आणि चूकही तितक्याच झपाट्याने करतो. कडांवर आणि बॉडीच्या घड्यांवर रंगाचा थर पातळ असतो, तिथे रोटरी क्षणभर रेंगाळली तर खालचा रंग उघडा पडतो. उन्हात दिसणारे ढगाळ गोल पट्टेही बहुधा तिचेच. सवयीचा हात नसेल तर रोटरी भाड्याने आणू नका, फुकट मिळाली तरी नको.

मशीन कोणतंही असो, आधी एका छोट्या चौकोनावर सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड वापरून बघा. तेवढ्याने भागलं तर कंपाउंडची, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशची, बाटली उघडूच नका. गाडी जुनी किंवा सेकंडहँड असेल तर आधी पेंट गेजने थर मोजून घ्या. मात्र साधा गेज एकूण जाडी सांगतो, त्यातला क्लिअर कोट किती उरला ते नाही. काम बाहेर दिलंत, तर चिरा खरंच निघाल्या की तेलकट ग्लेझने बुजवल्या, ते कळायला पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक पॅनल पुसून मग बघा.

शेवटचा थर

कार्नाउबा वॅक्स ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरून मिळतं. गडद रंगावर त्याची ऊबदार चमक अप्रतिम, पण टिकतं काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. कृत्रिम पॉलिमरचा सीलंट चमकेला किंचित कोरडा वाटतो, टिकतो मात्र कित्येक महिने. शरद ऋतूत लावला तर मिठाच्या दिवसांत त्याचा खरा उपयोग. सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर सुकून कडक होणारा द्रव, ते नीट लावलं तर वर्षानुवर्षं राहतं आणि मळ सहज धुतला जातो. खडीचे टवके मात्र ते अडवत नाही, त्यासाठी जाड पारदर्शक फिल्म लागते. शिवाय खालच्या चिरा ते जशाच्या तशा कोंडून ठेवतं, आणि काढायचं तर पुन्हा पॉलिशच, म्हणजे पुन्हा क्लिअर कोट.

गाडी वर्षभरात विकायची असेल तर वॅक्स पुरे. रोज उघड्यावर उभी राहणाऱ्या, मिठातून धावणाऱ्या गाडीला मी वर्षातून दोनदा सीलंट देईन. सिरॅमिक तेव्हाच, जेव्हा पॉलिश नुकतंच झालंय, गाडी बरीच वर्षं ठेवायची आहे आणि कोटिंग सुकेपर्यंत ती कोरड्या, बंद जागी राहू शकते. मॅट रंगाच्या गाडीला यातलं पॉलिशही नको आणि साधं वॅक्सही नको. दोन्हींमुळे तिच्यावर चकचकीत चट्टे पडतात. तिच्यासाठी खास मॅटचाच शाम्पू आणि मॅटचाच सीलंट घ्या.