मुलांच्या कानासाठी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट ड्राय सिरप : औषध चांगले, पण कधी?

आमच्या मुलीच्या मध्यकर्णातील संसर्गावर बालरोगतज्ज्ञांनी कानाचा पडदा तपासून हे सिरप लिहून दिले आणि लवकरच तिचा ताप उतरला, कान ओढणेही थांबले. औषधाच्या गुणाविषयी माझी तक्रार नाही. तरीही प्रत्येक कानदुखीला हेच द्यावे, असे मी म्हणणार नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत पहिला मान साध्या अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाला आहे. ते गेल्या ३० दिवसांत दिले गेले असेल, किंवा कानाबरोबर डोळेही येऊन त्यांतून पू वाहत असेल, तर क्लॅव्हुलॅनेटची जोड घ्यावी, असे त्या सांगतात. कारण हिमोफिलस आणि मोराक्सेला हे जिवाणू बरेचदा अमॉक्सिसिलिन निकामी करणारे विकर (एन्झाइम) तयार करतात आणि क्लॅव्हुलॅनेट त्या विकरालाच अडवते. न्यूमोकॉकस या जिवाणूचा औषधाला होणारा प्रतिकार निराळ्या प्रकारचा असल्याने तिथे ही जोड कामाची नाही, अमॉक्सिसिलिनचीच मात्रा वाढवावी लागते. आमच्या मुलीला थोड्याच दिवसांपूर्वी घशासाठी अमॉक्सिसिलिन दिलेले होते, म्हणून डॉक्टरांची निवड मला पटली. तीन दिवसांत संपणारे ॲझिथ्रोमायसिन पालकांना सोयीचे वाटते खरे, पण या जिवाणूंवर त्याचा भरवसा कमी आहे. दोन वर्षांवरील मुलाचे दुखणे सौम्य असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली केवळ वेदनाशामक देऊन ४८ ते ७२ तास वाट पाहणेही त्या सूचनांना मान्य आहे.

जोडीचा मुख्य तोटा जुलाबांचा, आणि तो क्लॅव्हुलॅनेटमुळे होतो. जेवणाच्या सुरुवातीला दिल्यास पोटाला त्रास कमी होतो, हा अनुभव आम्हालाही आला.

माझी खरी नाराजी बाटलीच्या आकारावर आहे. बारा किलोच्या मुलाला किलोमागे रोज ९० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन ठरले, तर दिवसाला १,०८० मिलिग्रॅम होतात. ५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम असलेले सिरप त्यासाठी २७ मिलिलिटर लागते, म्हणजे ३० मिलिलिटरची बाटली एका दिवसातच संपत येते. म्हणून चिठ्ठीवरील ताकद आणि बाटलीवरील ताकद दुकानातच ताडून पाहावी. पावडरीत पाणी मिसळून तयार केलेले सिरप फ्रिजमध्ये ठेवूनही साधारण सात दिवसच टिकते, आणि दोन वर्षांखालील मुलांचा कोर्स सहसा दहा दिवसांचा असतो. तेव्हा सगळ्या बाटल्यांत एकदम पाणी घालू नये, पहिली संपत आली की पुढची तयार करावी.