कॉइलसाठी स्विव्हल: छोटं छर्‍यांचं की मोठ्या बेअरिंगचं?

व्हेपची (ई-सिगारेटची) तापणारी कॉइल हाताने बनवताना तारेचं एक टोक ड्रिलमध्ये आणि दुसरं स्विव्हलमध्ये, म्हणजे मोकळ्या फिरणार्‍या जोडात, अडकवतात. एकाच कोअरवर, म्हणजे आतल्या तारेवर, बारीक तार गुंडाळून साधी क्लॅप्टन करायची असेल, तर हाताला लागेल ते स्विव्हल चालतं. एकटी गोल तार स्वतःभोवती थोडी पिळली गेली तरी वरून काही कळत नाही. खरा प्रश्न सुरू होतो तो दोन-तीन कोअर शेजारी-शेजारी ठेवून फ्यूज्ड क्लॅप्टन करायला घेतली की. ड्रिलचा फेरा त्या कोअरमधूनच पलीकडच्या टोकाला पोहोचतो, आणि स्विव्हलला फिरवायचं कामही त्याच तारांना करावं लागतं. स्विव्हल जितकं अडेल तितका पीळ कोअरमध्ये साठतो. कोअर एकमेकींवर चढल्या की वरची गुंडाळी कितीही नेटकी करा, कॉइल सपाट बसत नाही.

बिनछर्‍यांच्या साध्या बॅरल स्विव्हलबद्दल फार लिहीत नाही. त्यात धातूवर धातू घासतो, त्यामुळे जितकी खेच जास्त तितकं ते जास्त अडतं. फ्यूज्ड क्लॅप्टनला तर चांगली खेच हवीच. मग ते अडतं, पीळ साठतो आणि एकदम झटक्याने सुटतं. गुंडाळायची तार ३६ गेजची असेल तर ती हा झटका सहन करते. ४० गेजची, म्हणजे जेमतेम ०.०८ मिलिमीटर जाडीची असेल तर तुटते, आणि नाही तुटली तर वेढ्यांमध्ये फट सोडून जाते. एक कोअर असेल तोवर बॅरल ठीक आहे. त्यापुढे नको.

उरतात दोन पर्याय. एक म्हणजे मासेमारीचं छर्‍यांचं स्विव्हल: बोटाच्या पेरापेक्षा लहान, दोन्ही टोकांना कड्या. दुसरं म्हणजे ६०८ बेअरिंगवर बांधलेलं मोठं स्विव्हल. ६०८ म्हणजे स्केटच्या चाकात असतं तेच, ८ मिलिमीटर भोक आणि २२ मिलिमीटर बाहेरचा व्यास. खास कॉइलसाठी म्हणून तयार मिळणारी बरीच स्विव्हल याच घाटाची असतात, आणि हाताने जुळवणारेही बहुधा इथूनच सुरुवात करतात. मी दोन्ही भरपूर वापरली आहेत.

मोठ्याची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. पकडायला ते सोयीचं असतं. व्हाइसमध्ये घट्ट बसतं, सहा-सात रिबन (चपट्या तारा) एकत्र धरून त्यांची स्टेपल कॉइल करताना जी दणकट खेच द्यावी लागते ती आरामात पेलतं. उघडून धुता येतं. बेअरिंग खराब झालं तर तेवढंच बदलता येतं. नव्या ६०८ मध्ये घट्ट ग्रीस भरलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला ते सुस्त वाटतं. ते ग्रीस काढून हलकं तेल दिलं की बोटाच्या टिचकीवर बराच वेळ फिरत राहतं. बघणार्‍याला तिथेच भुरळ पडते. बेअरिंग घेताना एबीईसीचा आकडा बघून जास्त पैसे मोजू नका, एवढं मात्र सांगावंसं वाटतं. तो आकडा मापांच्या अचूकतेचा आहे, किती सैल फिरतं याचा नाही.

माझ्या मते अडचणीचं मूळ नेमकं त्या "बराच वेळ फिरत राहण्यात" आहे. मोठ्या स्विव्हलमध्ये फिरणार्‍या भागाला वजन असतं: बोल्ट, नट, हूक, बेअरिंगची आतली कडी. ड्रिलचा ट्रिगर दाबला की चक लगेच फिरतं, पण पलीकडचं वजन हलायला क्षणभर घेतं. त्या क्षणात पहिला पीळ बसतो. बसला तरी वेग स्थिर झाल्यावर तो बराचसा सुटतो, म्हणून त्याचं मला तितकंसं वाटत नाही. थांबताना होतं ते जास्त वाईट. ट्रिगर सोडला, चक थांबलं, पण स्विव्हल आपल्या वेगात आणखी अर्धा फेरा, कधी पाऊण फेरा पुढे जातं. समोर बसून बघा: स्विव्हलजवळच्या उघड्या कोअर आधी किंचित सैल होतात, मग एकमेकींना बिलगतात आणि दोरीसारखा पीळ घेऊन तिथेच थांबतात. गुंडाळलेला भाग ताठ असल्यामुळे वाचतो. सगळा पीळ पुढच्या कोर्‍या भागात जातो, म्हणजे नेमकं जिथे आपल्याला अजून गुंडाळायचं असतं तिथे.

तो हाताने उलटा फिरवून सोडवता येतो, हे खरं. पण गुंडाळताना आपण सतत थांबतो. बारीक तारेची रीळ अडकते, वेढा वेढ्यावर चढतो, बोट सरकवून पकड बदलावी लागते. दर थांब्याला उठून स्विव्हल मागे फिरवायचं, कोअर पुन्हा समांतर झाल्या का ते उजेडात बघायचं, मगच पुढे. कंथलसारखी ताठ तार त्यातल्या त्यात परत सरळ होते. नायक्रोम ८० मऊ असते, तिच्यात घेतलेला पीळ थोडा तरी राहतोच. कॉइल गुंडाळल्यावर तो पट्टा त्या जागी किंचित तिरपा उभा राहतो, आणि एकदा दिसला की डोळा पुन:पुन्हा तिथेच जातो.

छोट्या स्विव्हलमध्ये फिरणारा भाग म्हणजे एक कडी आणि तिचा दांडा. वजन नगण्य. ड्रिल थांबलं की तेही थांबतं. टिचकी मारली तर ते मोठ्याइतकं फिरत नाही, त्यामुळे हातात घेऊन तुलना केली तर फिकं वाटतं. पण आपल्याला ते रिकामं फिरवायचं नाहीये, ताणाखाली फिरवायचं आहे. तपासायची माझी पद्धत अशी: एक कडी खिळ्याला अडकवायची, दुसरीला पक्कड लटकवायची आणि पक्कड हळूच फिरवायची. कुठेही न टोचता, न अडखळता ती सावकाश फिरून थांबली तर स्विव्हल चांगलं. एखाद्या जागी दरवेळी अडली तर आत छर्‍यांच्या वाटेत काहीतरी आहे. हे काही मोजमाप नव्हे, पण बोटांना फरक कळतो.

कड्यांबाबत थोडं चोखंदळ राहावं. दोन्ही बाजूंना जोड बुजवलेल्या अखंड कड्या असलेलंच घ्या. एका बाजूला स्नॅप (उघडता-मिटता येणारी पिन) असलेलं स्विव्हल सोयीचं वाटतं, पण स्नॅपचा आकार एका अंगाला झुकलेला असतो. कोअर मध्यरेषेवरून हटतात आणि तारेचं टोक फिरताना छोटं वर्तुळ काढू लागतं. त्याचा ठसा गुंडाळीवर उमटतो: दर फेर्‍याला वेढा किंचित उघडतो आणि मिटतो. मोठ्या स्विव्हलचा हूक केंद्रातून सरकलेला असेल तर तिथेही हेच होतं, वजनामुळे जरा जास्तच. आकार निवडताना क्रमांकाकडे नीट लक्ष द्या. साध्या बॅरलमध्ये सहसा क्रमांक वाढला की आकार लहान होतो, छर्‍यांच्या प्रकारात बहुधा उलट. क्रमांकावर विसंबू नका, मिलिमीटर विचारा.

देखभालीत मात्र मोठं स्पष्टपणे पुढे आहे. छोटं उघडता येत नाही. तारेची बारीक कीस, हाताचा घाम, धूळ हे सगळं आत जातं आणि दिसत नाही. मी ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवतो, मधूनमधून कडी फिरवतो आणि द्रव मळकट झाला की बदलतो. मग पूर्ण वाळू देतो. ओलं असताना तेल दिलं तर ते पातळ होऊन वाहून जातं. वाळल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब, सुईच्या टोकावरून, दांडा आत जातो त्या फटीत. थोडं फिरवायचं आणि वर आलेलं तेल कापडाने कोरडं पुसून घ्यायचं. डब्ल्यूडी-४० धुण्यापुरतं ठीक, वंगण म्हणून तिथे टिकत नाही. अल्कोहोल पटकन पेट घेतं, तेव्हा त्याची बाटली जवळ असताना गॅसची टॉर्च पेटवू नये आणि कॉइलही तापवू नये.

पुसण्याबद्दल मी आग्रही आहे. ताणाखाली वेगाने फिरताना जास्तीचं तेल कडीवर येतं आणि तिथून कोअरवर. ही तार पुढे तापणार आहे आणि तिच्यावरून आलेली वाफ कुणाच्या तरी छातीत जाणार आहे. म्हणून स्विव्हलजवळचा दोन बोटं भाग मी कापून टाकतो, आणि उरलेली तार गरम पाण्यात साबणाने धुतल्याशिवाय वापरत नाही. मोठ्या बेअरिंगमध्ये तेल जास्त लागतं, त्यामुळे तिथे ही काळजी दुप्पट घ्यावी.

दोनदा धुऊनही छोटं स्विव्हल एकाच जागी टोचत असेल, किंवा दांडा आडवा हलू लागला असेल, तर ते ठेवण्यात अर्थ नाही. स्वस्त असतं, टाकायला जिवावर येत नाही. मोठ्याच्या बाबतीत नेमकं उलटं होतं: त्यावर पैसे घातलेले असतात, म्हणून माणूस ते खरखरत असतानाही महिनोन्‌महिने ओढतो.

तुमचं काम मुख्यतः रिबनच्या जाड गठ्ठ्यांचं असेल, किंवा एकदा ट्रिगर दाबला की मीटरभर तार न थांबता काढण्याइतका हात बसला असेल, तर मोठं घ्या. तुम्हाला कदाचित माझी तक्रार जाणवणारही नाही. तेव्हा हूकऐवजी हलकी बंद कडी असलेलं बघा, आणि बोल्ट गरजेपेक्षा लांब असेल तर कापून घ्या. फिरणारं वजन जितकं कमी कराल तितका थांबतानाचा पीळ कमी. पण दोन-तीन कोअर, वर ३८ किंवा ४० गेजची तार, दर थोड्या वेळाने थांबून बघण्याची सवय, असं काम असेल तर छोटं छर्‍यांचं घ्या, आणि एकदम तीन-चार घ्या. एक धुऊन वाळत असतं तेव्हा दुसरं हाताशी लागतंच.