कुत्री येतात कुठून?

अमेरिकेत संशोधनाला निघालात आणि तिथे कुत्र्यांवर काम आहे? मग पहिल्याच भेटीत विचारा, इथे कुत्री येतात कुठून.

१९६५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावरून पेपर नावाची डाल्मेशियन नाहीशी झाली. घरच्यांनी माग काढला, पण उशीर झाला होता. हातोहात विकली जात ती न्यूयॉर्कच्या रुग्णालयात पोचली आणि पेसमेकर बसवण्याच्या प्रयोगात मेली. लोक खवळले, आणि १९६६ मध्ये संशोधनासाठी कुत्री-मांजरं विकणाऱ्यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. पुढे परवान्यांचे दोन वर्ग रूढ झाले: स्वतः पैदास करणारे ते ‘क्लास ए’, इकडून तिकडून गोळा करून विकणारे ते ‘क्लास बी’.

‘क्लास बी’ची कुत्री स्वस्त, सगळ्या वयांची, सगळ्या जातींची असत. पण ‘चांगल्या घरी फुकट द्यायचंय’ अशी जाहिरात वाचून कोणी प्रेमाचं नाटक करून नेलेलं कुत्रंही त्यात असे. सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने, एनआयएचने, अशा मांजरांसाठी २०१२ पासून आणि कुत्र्यांसाठी २०१४ पासून पैसा बंद केला. हा मार्ग आता जवळपास बंदच झाला आहे; तसाही मी तो विचारातही घेतला नसता.

‘क्लास ए’ म्हणजे बहुधा बीगल जातीचं कुत्रं. लहान, गरीब स्वभावाचं, चावत नाही, म्हणूनच निवडलेलं. जन्मतारीख, आईबाप, लसी, सगळं कागदावर. कानाच्या आत गोंदलेला नंबर. निकाल एकमेकांशी ताडून बघता येतात, हा खरा फायदा. पण पिंजऱ्यातच वाढून सुटका झालेलं असं कुत्रं पहिल्यांदा गवतावर सोडलं की पाय उचलून तसंच थबकतं. आणि चोख कागद म्हणजे चोख वागणूक नव्हे: २०२२ मध्ये व्हर्जिनियातल्या एका पैदास केंद्रातून सुमारे ४००० बीगल बाहेर काढावी लागली.

तिसरा मार्ग मला सगळ्यात जवळचा. घरचंच आजारी कुत्रं, मालकाची लेखी संमती, उपचार झाले की आपल्या माणसांकडे परत. कुत्र्यांचा हाडांचा कर्करोग मुलांमधल्या हाडांच्या कर्करोगाशी बराच मिळताजुळता असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत २००३ पासून अशा चाचण्यांचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. मात्र रुग्ण हळूहळू मिळतात आणि नव्या औषधाच्या विषारीपणाची पहिली तपासणी इथे करता येत नाही. घाबरलेला मालक कशालाही सही करतो, तेव्हा समजावून सांगायला वेळ द्यावाच लागतो.

कुत्र्यांना आपसूक होणाऱ्या रोगावर काम करायचं असेल तर तिसराच मार्ग धरा. बीगलशिवाय पर्यायच नसेल, तर आणखी एक विचारा: अभ्यास संपल्यावर ती दत्तक देता का? मिनेसोटा राज्याने २०१४ मध्ये करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांना तसं कायद्यानेच बांधलं आहे.