आर्सेनिकचा फिल्टर: तीन पैसे लिटर सांगितले, तीस पैसे पडले

आर्सेनिकचा फिल्टर घेताना "लिटरमागे खर्च किती?" हे आम्ही विचारलं होतं. उत्तरही मिळालं, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. तरी फसलो. दुसऱ्या कुठल्या शाळेवर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं आकड्यांसकट लिहिते आहे.

आमचं वसतिगृह छत्तीसगडात, अंबागड चौकीच्या बाजूला. कौडिकसा गावच्या विहिरी-बोअरमुळे या पट्ट्याचं नाव आर्सेनिकशी जोडलं गेलंय. ते कुठल्या कारखान्यातून आलेलं नाही, खडकातूनच पाण्यात उतरतं. पाणी नितळ दिसतं, चव नाही, वास नाही. उकळून काहीच साधत नाही. पाणी आटतं, आर्सेनिक मागे उरतं. आमच्या बोअरला लिटरमागे १४० मायक्रोग्रॅम निघालं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे १०.

फिल्टर विकायला आलेला माणूस नागपूरचा, मराठी बोलणारा. इतक्या लांब आपली भाषा ऐकून आम्ही सैल झालो, हे खरं. "ताई, लेकरांच्या जिवापुढे तीन पैसे म्हणजे काय हो?" त्याचा हिशोब सरळ होता. टाकीत ६० लिटर मीडिया, म्हणजे आर्सेनिक धरून ठेवणारे लोह-ऑक्साइडचे तपकिरी दाणे, किंमत ५४ हजार. ते ३० हजार बेड व्हॉल्यूम चालणार, म्हणजे मीडियाच्या आकारमानाच्या ३० हजार पट पाणी, १८ लाख लिटर. ५४ हजार भागिले १८ लाख, तीन पैसे. रोज पिण्या-स्वयंपाकाला दीड हजार लिटर लागतं, तेव्हा तीन वर्षं बघायला नको.

आठव्या महिन्यात प्रयोगशाळेचा अहवाल आला. फिल्टरमधून निघालेल्या पाण्यात ४६.

त्याआधी दोनच आठवडे तो माणूस सर्व्हिसला येऊन गेला होता. आर्सेनिक तपासायच्या किटच्या बाटलीवर पट्टी लावली, तीन-चार मिनिटांत काढली आणि पांढरीफटक पट्टी माझ्यासमोर धरली. "बघा ताई, एकदम शून्य." अहवाल आल्यावर मी किटची पुस्तिका वाचली. पट्टी वीस मिनिटं ठेवायची असते. मी घड्याळ लावून ठेवली. दहाव्या मिनिटाला मधोमध पिवळा ठिपका उठला, विसाव्या मिनिटाला तो तपकिरी झाला. त्याच नळाचं पाणी मुलं सकाळपासून पीत होती. ती पट्टी मी अजून वहीत चिकटवून ठेवली आहे.

मग जुने कागद काढले. ३० हजारांचा आकडा ज्या चाचणीतला, ती आर.ओ.च्या पाण्यात आर्सेनिक मिसळून केलेली होती, पीएच ६.५. आमच्या बोअरचा पीएच ७.८, वर सिलिका भरपूर, थोडं फॉस्फेट. दोन्ही त्याच दाण्यांवर जागा अडवतात, आणि पीएच चढला की दाण्यांची पकड सुटत जाते. शिवाय आमचं निम्मं आर्सेनिक 'आर्सेनाइट' रूपातलं. ते नीट पकडलं जावं म्हणून आधी क्लोरीन द्यावं लागतं, त्याचं नावही कोटेशनमध्ये नव्हतं. आमच्या पाण्याचा पूर्ण अहवाल त्याने स्वतः मागून नेला होता. त्यामुळे याला मी चूक म्हणणार नाही.

मीडिया प्रत्यक्षात ३ लाख ६० हजार लिटर चालला, म्हणजे ६ हजार बेड व्हॉल्यूम. नुसत्या मीडियाचेच पंधरा पैसे झाले. व्हॉल्व्ह फिरवून बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून टाकी धुणाऱ्या माणसाचा अर्धा पगार महिना ४ हजार, लिटरमागे जवळपास नऊ पैसे. तपासण्या दोन पैसे. क्लोरीन, वीज, दुरुस्ती धरून तिशीला पोचलो. ए.एम.सी., म्हणजे वार्षिक देखभालीचा करार होता, पण त्यात एक ओळ होती: "कन्झ्युमेबल्स वगळून." म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तू सोडून. मीडिया कन्झ्युमेबल निघाला.

म्हणून कोटेशन घेताना हट्टाने विचारा: बेड व्हॉल्यूमचा आकडा कोणत्या पाण्यावरचा? आमच्याच बोअरवर मीडिया भरलेली छोटी नळी लावून, मीडिया संपेपर्यंत चालवून दाखवता का? सांगितलेल्या आकड्याआधीच आर्सेनिकने मर्यादा ओलांडली तर नवा मीडिया कुणाच्या खर्चाने? हे लेखी घ्या. नमुना स्वतः भरा, स्वतः प्रयोगशाळेत पोचवा. विकणाऱ्याच्या हातची पट्टी चालवून घेऊ नका.

आणि वापरलेला मीडिया कोण नेणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. आम्ही फोन केला तर म्हणाला, "ताई, ते विक्रीत येत नाही." दोन निळे ड्रम कोठीघरामागच्या खोलीत कुलूपबंद आहेत, चावी माझ्याकडे असते.